दाद मागणारं गाणं

माझे एक मामू शिंपी होते. चंद्रपूरच्या गोल बाजाराजवळ त्यांचं एका मशीनचं दुकान होतं. दिवसभर पायजमे, सदरे शिवायचे आणि रात्री पेटी घेऊन बसायचे. आमच्या भागात उरूस असला की कव्वालीच्या पार्टीत मामू हमखास असत. आवाज मोठा नव्हता, पण सूर पक्का होता. एकदा दुकानात इस्त्री करताना काहीतरी जळाल्याचा वास आला. कापड जळालं असेल म्हणून त्यांनी खाली पाहिलं, तर कोळशाच्या इस्त्रीला त्यांचंच बोट टेकलेलं होतं. वास आधी आला. कळ आलीच नाही.

ही गोष्ट १९७९-८० च्या सुमाराची. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. त्या न आलेल्या कळेचं नाव काय, हे घरातल्या मोठ्यांना लगेच कळलं. पण ते नाव कुणी तोंडातून काढलं नाही. मामूंचा पेला वेगळा झाला. मग ताटली वेगळी झाली. हळूहळू त्यांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळू लागलं, तेव्हा पार्टीतल्या लोकांनी पेटी दुसऱ्याकडे दिली. वाईट कुणी बोललं नाही. "तुम्ही आता आराम करा," एवढंच म्हणाले. मामू पुढं काही वर्षं उरुसाला यायचे आणि कनातीच्या कडेला बसून ऐकायचे. शाळेतल्या एका मुलानं मला विचारलं होतं, "ते तुझे मामा ना रे?" मी म्हणालो, "नाही." ते "नाही" आज मला पंचेचाळीस वर्षांनंतरही ऐकू येतं.

श्रोतेहो, आज मला अपंग कलावंतांविषयी आणि आपल्या जंगलपट्टीतल्या एका मोठ्या प्रयोगाविषयी बोलायचं आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे मुळात एकच, चांदा जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. वाघ, साग, कोळसा आणि बांबू यांच्यासाठी हा मुलूख ओळखला जातो. कुष्ठरोगासाठीही तो ओळखला गेला आणि आजही इथं नवे रुग्ण सापडतात. याच मुलखात ज्यांच्या हातांना लोक शिवत नव्हते त्या हातांनी वाद्यं वाजवली आणि ते ऐकायला लोकांनी तिकीट काढलं. हे कसं घडलं, हा आजचा विषय.

आधी थोडं कायद्याविषयी बोलू. १८९८ साली इंग्रज सरकारनं कुष्ठरुग्णांसाठी एक कायदा केला. रस्त्यावर भीक मागणाऱ्या निराधार रुग्णाला पोलिसांनी पकडावं आणि आश्रमशाळेसारख्या बंदिस्त जागेत ठेवावं, अशी त्यात सोय होती. काही धंदे करायलाही रुग्णांना बंदी होती. हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टरानं या रोगाचा जंतू १८७३ मध्येच शोधून काढला होता. म्हणजे हा पापाचा भोग नसून जंतूचा रोग आहे हे ठाऊक झाल्यावर पंचवीस वर्षांनी हा कायदा आला. संसदेनं तो रद्द केला २०१६ साली. मधली ११८ वर्षं तो पुस्तकात होता.

दुसरा कायदा आपल्याच मुंबई राज्याचा आहे. भीक प्रतिबंधाचा हा कायदा १९५९ साली झाला. भीक कशाला म्हणायचं याची त्यात व्याख्या आहे. गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं असल्या कुठल्याही निमित्तानं सार्वजनिक जागी भिक्षा घेतली तरी ती भीकच, असं ती व्याख्या सांगते. कायदेपंडितांचं यावर काय म्हणणं असेल ते असो. मी कवी आहे, म्हणून माझं लक्ष पहिल्याच शब्दावर थांबलं. गाणं हे भीक मागण्याचं एक निमित्त! रेल्वेच्या डब्यात गाणारा आंधळा, देवळाच्या किंवा दर्ग्याच्या पायरीवर खंजिरी वाजवणारा महारोगी, यांचं गाणं कायद्याच्या लेखी गाणं नव्हतंच. आणि खरं सांगायचं तर आपल्याही लेखी नव्हतं. आपण नाणं टाकत होतो ते त्याच्या डोळ्यांकडे बघून. त्याचा सूर लागला की नाही, हे आपण कधी पाहिलं?

या अंधारात विदर्भानं जे दिवे लावले, त्यांची आठवण ठेवायला हवी. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरेशास्त्री नावाचे संस्कृत पंडित राहायला आले होते. त्यांना कुष्ठरोग होता. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. विनोबांच्या प्रेरणेनं मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. पुढच्या दशकात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभं केलं. आणि मग आलं आमच्या जिल्ह्यातलं वरोरा.

मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. जमीनदाराघरचा मुलगा आणि पेशानं वकील. तरुणपणी सिनेमाचं एवढं वेड की इंग्रजी नियतकालिकात चित्रपटांची परीक्षणं लिहायचे. पुढं ते स्वतः कविता लिहू लागले. 'ज्वाला आणि फुले' हा त्यांचा संग्रह मराठी वाचकांना ठाऊक आहे. हा माणूस वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना भंगीकाम करणाऱ्यांचं दुःख कळावं म्हणून स्वतः मैला वाहत होता. अशाच एका पावसाळी दिवशी त्यांना गटाराशेजारी पडलेला तुळशीराम दिसला. हातापायांची बोटं झडलेली आणि अंगात अळ्या. बाबा घाबरून पळाले. हे त्यांनी स्वतःच पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मोठेपणा मला त्या सांगण्यात वाटतो. ज्याला कशाचीही भीती वाटत नाही असं लोक म्हणत, तो माणूस पळाला आणि मग स्वतःच्या भीतीची लाज वाटून परत आला. तुळशीरामची त्यांनी अखेरपर्यंत सेवा केली. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. बाबा कोलकात्याला जाऊन या रोगाचं शिक्षण घेऊन आले. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर ते, साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये असा संसार मांडला गेला. त्याचं नाव आनंदवन.

आनंदवनाची एक जुनी हकीकत आहे. गाण्याच्या गोष्टीत ती कशाला, असं वाटेल, पण तिचा संबंध पुढं येणार आहे. रुग्णांनी खडक फोडून विहिरी खणल्या, भाजी पिकवली आणि ती बाजारात नेली. भाजी ताजी होती, पण वरोऱ्यात ती कुणी घेईना. मग १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण इथं श्रमदानाला आले. ते रुग्णांबरोबर राबले आणि तीच भाजी रोज जेवले. गोरी माणसं खातात आणि त्यांना काही होत नाही, हे गावानं पाहिलं आणि भाजी खपू लागली. पुढं १९६४-६५ च्या सुमारास आनंदवनानं वरोऱ्याच्या मुलांसाठी कॉलेजं काढली. एकेकाळी जिथली भाजी चालत नव्हती, तिथं गावाची पोरं शिकायला जाऊ लागली. माणसाला शिवायच्या आधी आपण त्याच्या हातच्या वस्तूला शिवतो. आधी भाजी, मग कापड, मग शुभेच्छापत्रं. गाण्याचा नंबर यायला अजून वेळ होता.

गाणं आनंदवनात पाहुणा म्हणून आधीपासून येत होतं. तिथल्या मित्रमेळाव्यांना महाराष्ट्रातले लेखक, कलावंत यायचे. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई तर घरचेच झाले होते. एरवी शहरातल्या नाट्यगृहात ज्यांना दारातसुद्धा उभं केलं नसतं, ते लोक पु. लं.च्या समोर बसून खळखळून हसत. त्यांच्याकडून ही मंडळी निदान श्रोते तरी झाली. श्रोता होणं ही लहान गोष्ट नाही. माझ्या मामूंना कनातीच्या कडेला का होईना, ऐकू दिलं जात होतं, म्हणून ते तगले असं मला वाटतं.

दरम्यान आनंदवनात कुष्ठरुग्णांच्या जोडीनं इतरांसाठीही दारं उघडली होती. अंध मुलांची शाळा निघाली, मूकबधिर मुलांची शाळा निघाली आणि अपंगांना हातात कला देणारं संधिनिकेतन उभं राहिलं. वेगवेगळ्या उणिवा घेऊन आलेली माणसं एकाच आवारात वाढली. ज्याला दिसत नाही त्याचा हात धरून ज्याला ऐकू येत नाही तो चालला. बाबांचे थोरले चिरंजीव डॉ. विकास आमटे यांनी २००२ साली या सगळ्यांना घेऊन 'स्वरानंदवन' नावाचा वाद्यवृंद उभा केला. बरे झालेले कुष्ठरुग्ण, अंध, मूकबधिर आणि हातापायांनी अधू असे शंभराहून अधिक कलावंत त्यात सामील झाले. गायक बहुतेक अंध आणि नाचायला मूकबधिर मुलं. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर त्यांचे कार्यक्रम झाले. तिकिटांचे आणि देणग्यांचे पैसे संस्थेच्या कामाला गेले. ज्याला कायदा भीक म्हणत होता तेच गाणं आता जाहिरात करून, तारीख ठरवून, पडदा वर करून लोकांपुढं आलं.

हे दिसतं तेवढं सोपं नाही. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंवर घाव घालतो. कोपरापाशी जाणारी नस बिघडली की करंगळी आणि शेजारचं बोट आत वळतं, तळव्याची जाणीव जाते. पेटी वाजवणाऱ्याला पट्टी कुठं लागली ते बोटानं कळतं. तबलजीला शाईवरची थाप तळव्यानं कळते. ती जाणीवच गेली तर? मग कान बोटांचं काम करतो आणि डोळा पहारा ठेवतो, कारण वाजवताना कातडी सोलली तरी कळत नाही. पॉल ब्रँड या डॉक्टरांनी १९४० च्या दशकाअखेरीस वेल्लोरला अशा वळलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. चांगल्या स्नायूचा कंडरा काढून निकामी बोटाला जोडायचा आणि मग मेंदूला नव्यानं शिकवायचं की हा दोर आता या बोटाचा. रियाज म्हणजे तरी दुसरं काय असतं?

आणि ज्याला ऐकूच येत नाही तो तालावर कसा नाचतो? स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी या विख्यात तालवादक लहानपणीच जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या. त्या अनवाणी वाजवतात, म्हणजे जमिनीतून आणि अंगातून कंप कळतो. मूकबधिर मुलांना नाच शिकवतानाही हेच होतं. ढोलाचा ठोका फळीतून पायात येतो, समोर उभा असलेला शिक्षक हातानं मात्रा दाखवतो आणि मुलं एकमेकांच्या खांद्यांवरून ताल वाचतात. मी हे रेडिओवर बोलतो आहे, तेव्हा त्या मुलांना माझं बोलणं ऐकू येणार नाही, याची मला जाणीव आहे. उद्या ते कुणी छापलं तर ती वाचतील आणि मग अंध मित्रांना कुणीतरी वाचून दाखवावं लागेल. एकट्या माध्यमाचं काम नव्हे हे. आनंदवनानं तेच केलं. एकाची उणीव दुसऱ्यानं भरली.

हा प्रकार जगात पहिल्यांदाच घडला असं नाही. लुई ब्रेलनं १८२९ साली ठिपक्यांच्या लिपीचं पुस्तक काढलं, त्याच्या नावातच शब्दांबरोबर संगीत लिहिण्याची रीत असा उल्लेख होता. तो स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. आपल्याकडं कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्यानं अधू झाले. शाळेचं शिक्षण जमेना, म्हणून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला घातलं. त्याच मुलानं १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आज लाखो मुलं संगीताच्या परीक्षा देतात, त्यांच्या मुळाशी दोन अधू डोळे आहेत. जरा खाली गदगला गेलं तर पंचाक्षरी गवई आणि त्यांचे शिष्य पुट्टराज गवई दिसतात. दोघंही अंध. त्यांच्या वीरेश्वर पुण्याश्रमात कितीतरी अंध, निराधार मुलं गाणं शिकली. आश्रम चालवायला पैसा हवा, म्हणून त्यांनी नाटक मंडळी चालवली. दारोदार वर्गणी मागत फिरण्यापेक्षा नाटक दाखवून तिकीट घेणं त्यांना बरं वाटलं.

नाटक दाखवून तिकीट घेणं आमच्या मुलखाला नवं नाही. दिवाळीला धान घरात आलं की होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हंगाम असतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं ठाणं. पूर्वी शंकरपटाला बैलांच्या शर्यती बघायला माणसं जमत आणि रात्री नाटक बघत. दंडार, खडी गंमत यांच्या कुशीत ही रंगभूमी वाढली. गडचिरोलीचे झाडीपट्टी नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडं गावोगावी पेढे वाटले गेले असतील. या प्रेक्षकाची एक सवय मला फार आवडते. शेतमजूर असो की पाटील, तो पदरचे पैसे देऊन रात्रभर थंडीत बसतो आणि गाणं पडलं तर तसं तोंडावर सांगतो. आवडलं तर "वन्समोर" म्हणून पुन्हा गायला लावतो. कलावंताची जात, हाल, घरची परिस्थिती त्याला ठाऊक असते, पण त्या रात्री तो ती बघत नाही. त्याला गाणं हवं असतं.

आणि आणखी आत, भामरागडकडं गेलं तर माडिया-गोंडांचा रेला असतो. हातात हात किंवा खांद्यावर हात, मोठा फेर आणि रात्रभर गाणं. तिथं मंच नसतो, त्यामुळं मंचाच्या खाली कोण, हा प्रश्नही नसतो. एखाद्याचं पाऊल तोकडं पडलं तर शेजारचा हात त्याला ओढून घेतो. कलेत सगळ्यांना घ्यावं म्हणून आज जगभर परिषदा भरतात. आमच्या जंगलात हे कुणी न सांगता चालत आलं आहे.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हे भाषण प्रामाणिक होणार नाही. स्वरानंदवनाचा कार्यक्रम मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पस्तिशीच्या आसपास होतो. सभागृह भरलेलं होतं. पडदा उघडला आणि मी रडायला लागलो. शेजारचेही रडत होते. प्रत्येक गाण्यानंतर आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. रात्री परत येताना एसटीत एक ओळखीचे गृहस्थ भेटले. म्हणाले, "काय काय गायले गा?" मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबलो. मला एक गाणं आठवेना. कुणाला किती बोटं होती ते आठवत होतं. काठी कुणाच्या हातात होती, कुणाला धरून आणलं, ते सगळं आठवत होतं. गाणं तेवढं आठवत नव्हतं. तीन तास मी समोर बसलो होतो आणि ऐकलं काहीच नव्हतं. दर्ग्याच्या पायरीवर नाणं टाकणारा जो मी होतो, तोच मी तिकीट काढून आत आलो होतो. नाण्याऐवजी टाळी टाकली, इतकाच फरक.

यात कलावंतांचा दोष काडीचा नव्हता. दोष माझ्या कानाचा होता. आणि मला वाटतं, अशा प्रयोगांपुढं खरी अडचण हीच आहे. शिकवणारे मिळतात, वाद्यं मिळतात, शाली-श्रीफळंही मिळतात. श्रोता मिळत नाही. चूक झाली तर चूक म्हणणारा आणि एखादी जागा सुंदर घेतली तर ती नेमकी हेरणारा श्रोता.

पुढं काही वर्षांनी एका तालुक्याच्या गावी काही अंध कलावंतांचा गझलांचा छोटा कार्यक्रम होता. त्यातल्या एका गायकानं 'शमा' हा शब्द असा म्हटला की माझ्यातला कवी अस्वस्थ झाला. उर्दूत तो 'शम्अ' असा, आधी गुरू मग लघू. बोली भाषेत त्याचा 'शमा' होतो आणि वजन उलटं पडतं. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो आणि चाचरत म्हणालो, "भाऊ, एक सांगू का? तो शब्द तसा नाही." मला वाटलं, ते ओशाळतील. ते उलट ताठ बसले. म्हणाले, "दादा, तुम्ही कागदावर लिहिता, मी मात्रेवर चालतो. त्या जागी सम आहे. तिथं तुमचा आखूड शब्द टाकला तर मी पडेन." मग आमचा चांगला अर्धा तास वाद झाला. त्यांनी पेटी ओढून दोन्ही गाऊन दाखवले. मी वजन मोजून दाखवलं. शेवटी त्यांनी वजन मान्य केलं, मी सम मान्य केली. चहा थंड झाला. घरी येताना माझ्या लक्षात आलं की त्या अर्ध्या तासात मला त्यांचे डोळे एकदाही आठवले नव्हते. आणि ती गझल मला आजही चालीसकट पाठ आहे.

कायदा आता खूप पुढं आला आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत बरे झालेले कुष्ठरुग्णही होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आले आणि त्यात संस्कृती आणि करमणूक यांवर एक स्वतंत्र कलम आहे. अपंग कलावंतांना, लेखकांना साहाय्य द्यावं, कला शिकवण्याचे अभ्यासक्रम त्यांना झेपतील असे बदलावेत, असं ते सांगतं. संयुक्त राष्ट्रांचा यासंबंधीचा करार २००६ सालचा आहे आणि भारतानं त्याला २००७ साली मान्यता दिली. २०१९ साली कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघालं. भीक प्रतिबंधाच्या त्या कायद्यातली बरीच कलमं दिल्लीच्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्लीपुरती रद्द ठरवली. शब्दही बदलले. महारोगी गेला, कुष्ठरुग्ण आला. पांगळा गेला, अपंग आला, आता दिव्यांग आला. मी शब्दांचा माणूस आहे, शब्द बदलले की मला आनंद होतो. पण नाट्यगृहात गेलो की मी एक गोष्ट बघतो. प्रेक्षकांसाठी बऱ्याच ठिकाणी रॅम्प झाला आहे. मंचावर चढायला मात्र पायऱ्याच आहेत. चाकाच्या खुर्चीतला माणूस ऐकायला येईल एवढं आपण गृहीत धरलं. तो गायला येईल हे आपल्या मनात आलेलं नाही.

तेव्हा काय करता येईल? गावच्या गणेशोत्सवात, उरुसात, जयंतीत एखाद्या अंध गायकाला बोलवायचं तर "दिव्यांगांचा विशेष कार्यक्रम" म्हणून बोलवू नये. इतर कलावंतांच्या रांगेत बोलवावं आणि बिदागी तेवढीच द्यावी. झाडीपट्टीच्या मंडळींनी पेटीवर, ढोलकीवर अशी माणसं घ्यावीत. त्यांचा प्रेक्षक चोख आहे, तो दया करणार नाही. आणि सिनेमाची गाणी गातात ते गावीतच, पण त्यांनी स्वतःची गाणीही लिहावीत. बोट भाजल्याचा वास कळेआधी येतो, हे ज्यानं अनुभवलं तोच लिहू शकेल. ते मला कधीच जमणार नाही.

'दाद' हा शब्द आपल्याकडं फारसीतून आला. तिथं त्याचा अर्थ न्याय. मराठीनं तो दोन्ही अंगांनी वापरला. आपण गाण्याला दाद देतो आणि कचेरीत दाद मागतो. मला वाटतं, अपंग कलावंत मंचावर येतो तेव्हा तो या दोन्ही अर्थांनी एकच गोष्ट मागत असतो. माझं गाणं ऐका आणि त्याचा निवाडा गाणं म्हणून करा. दया ही त्या निवाड्याची पळवाट आहे.

माझ्या मामूंना १९८० च्या दशकात ती तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ साली तिची शिफारस केली होती. एका गोळीनं त्यांचं अंग काळपट तांबडं झालं, पुढं तो रंगही गेला. डॉक्टरांनी लिहून दिलं की रोग पूर्ण बरा झाला, यांच्यापासून कुणाला धोका नाही. तो कागद त्यांनी फ्रेम करून दुकानात लावला होता. पण पार्टीत त्यांना परत कुणी बोलावलं नाही. जंतू मेला होता, तरी भीती मेली नव्हती. १९९८ साली ते गेले. स्वरानंदवन सुरू व्हायला तेव्हा चार वर्षं होती.

त्यांची पेटी माझ्याकडं आहे. वरच्या सप्तकातल्या दोन पट्ट्या बसल्या आहेत. परवा मी ती दुरुस्तीला घेऊन गेलो. कारागीर म्हणाला, "वाजवणाऱ्याचा हात भारी होता, बघा, पट्ट्या कशा झिजल्यात." मी विचारलं, "कुणाची असेल, काय वाटतं?" तो म्हणाला, "कुणा चांगल्या वाजवणाऱ्याची." मामूंना मिळालेली ती दाद होती. मी ती त्यांच्या वतीनं घेतली आणि म्हणालो, "माझ्या मामूंची आहे."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)